स्वतःच्याच आजाराची फाईल मागायला एवढे पैसे का?

रानजाई

थेट मुद्द्यावर येते. पेशंटने किंवा घरच्यांनी हॉस्पिटलकडे पूर्ण रेकॉर्डची कॉपी मागितली की सहसा तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, आकडा सांगतात. पानामागे इतके, फाईल शोधायचे वेगळे, सही-शिक्क्याचे वेगळे, सीडी हवी असेल तर तिचे आणखी वेगळे. आणि आधीच बिलाने कंबरडं मोडलेला माणूस तो आकडा ऐकून "राहू दे, डिस्चार्ज कार्ड आहे ना आपल्याकडे" म्हणत परत फिरतो. नकार दिला असता तर निदान तक्रार तरी करता आली असती, इथे तर कागदोपत्री कुणी नकार दिलेलाच नसतो.

माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं आणि नंतर सेकंड ओपिनियन घ्यायचं ठरलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की ऑपरेशन नोट कुठाय, पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट कुठाय, आणि आमच्या हातात होती दीड पानाची समरी ज्यात ऑपरेशनबद्दल एकच ओळ. मग फाईल मागायला गेलो तर पूर्ण फाईलचे पैसे आधी भरा, मग बघू. किती पानं आहेत ते सांगणार नाही, कशाचे किती ते लिहून देणार नाही. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये कारण हे एकाच ठिकाणी होतं असं मला वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, कागद हॉस्पिटलचा असेल पण त्यावर लिहिलेलं शरीर पेशंटचं आहे, त्यामुळे कॉपी काढायचा जो खरा खर्च येतो तेवढा घ्या, आणि कंप्युटरवर असेल तर काहीच घेऊ नका. कायदा कुठे काय म्हणतो आणि तुम्ही रेकॉर्ड कसं मिळवलंत ते सगळ्यांनी लिहा प्लीज, म्हणजे एकाच जागी माहिती राहील.

जुनीफाईल

रानजाई ताई, मी बरीच वर्षं मेडिकल रेकॉर्डच्या खात्यात काढलीत म्हणून आतली बाजू सांगतो. "पूर्ण फाईल द्या" असं मोघम म्हटलं की समोरचा तुम्हाला समरी आणि लॅब रिपोर्ट देऊन मोकळा होतो, कारण त्याच्या लेखी तीच फाईल. खरं तर भरती असलेल्या पेशंटच्या केसपेपरमध्ये खूप काही असतं. भरती करतानाची तपासणी, रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सेसच्या नोंदी, ताप-नाडी-बीपीचा चार्ट, कोणतं औषध कधी दिलं आणि दिल्यावर कुणी सही केली तो ड्रग चार्ट, पोटात किती गेलं लघवी किती झाली त्याचा चार्ट, संमतीपत्रं, भूल देणाऱ्यांची स्वतंत्र शीट ज्यात ऑपरेशन चालू असताना दर काही मिनिटांचं बीपी आणि ऑक्सिजन असतो, रक्त चढवलं असेल तर त्या पिशवीचा नंबर. ऑपरेशन नोट यातच असते. म्हणून मागताना एकेकाचं नाव घेऊन मागा.

अजून एक जे कुणी सांगत नाही. स्टेंट, पेसमेकर, गुडघ्याची वाटी, डोळ्यातली लेन्स असं काहीही बसवलं असेल तर त्याच्या खोक्यावरचा स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेला असतो, त्यावर मॉडेल आणि बॅच नंबर असतो. पुढे कंपनीने ती बॅच परत मागवली किंवा एमआरआय काढायची वेळ आली तर हाच नंबर लागतो, नाहीतर रेडिओलॉजीवाले मशीनमध्ये घेत नाहीत. आणि ईसीजी थर्मल कागदावर असेल तर त्याची झेरॉक्स लगेच काढून घ्या, तो कागद काही वर्षांत फिका पडत पडत कोरा होतो, मी अशा फाईली स्वतः हाताळल्यात जिथे ईसीजीच्या जागी नुसती पिवळी पट्टी उरलेली असायची.

खर्चाचं म्हणाल तर कॉपी काढायला कागद-शाई फार नाही लागत, माणूस लागतो. गोडाऊनमधून फाईल आणायची, पिना काढायच्या, प्रत्येक पान त्याच पेशंटचं आहे का बघायचं, कारण दुसऱ्याचा लॅब रिपोर्ट चुकून लागलेला असतो आणि तो बाहेर गेला तर वेगळाच घोळ. हे सगळं खरं आहे, पण फाईल सांभाळणं हे हॉस्पिटलचं स्वतःचं काम आहे, ती नीट लावून ठेवली नाही म्हणून शोधायला वेळ लागला तर त्याचे पैसे पेशंटने का द्यायचे, हे मला तिथे काम करतानाही पटत नव्हतं.

सातासमुद्रापार

शोधायच्या पैशांवरून लिहितो. अमेरिकेत हिपा म्हणून पेशंटच्या आरोग्य-माहितीचा कायदा आहे, त्याखालच्या नियमात हे अगदी स्पष्ट आहे. पेशंटने स्वतःचं रेकॉर्ड मागितलं तर कॉपी करायची मजुरी, कागद किंवा सीडी-पेनड्राईव्ह आणि टपाल एवढंच घेता येतं, फाईल शोधायचे आणि काढून आणायचे पैसे घेताच येत नाहीत, राज्याचा कायदा परवानगी देत असला तरी नाही. इलेक्ट्रॉनिक कॉपीसाठी हिशोब करत बसायचं नसेल तर सरसकट ६.५० डॉलरपर्यंत घ्या अशी सोय आहे. पोर्टलवरून तुम्ही स्वतः डाऊनलोड केलं तर शून्य. मुदत ३० दिवस, फार तर लेखी कारण देऊन अजून ३० दिवस एकदाच. आणि बिल थकलंय म्हणून रेकॉर्ड अडवता येत नाही.

कागदावर हे सगळं होतंच, पण पाळत नव्हते, म्हणून २०१९ मध्ये तिथल्या सरकारी खात्याने फक्त या एका हक्कासाठी मोहीम सुरू केली आणि एकेका हॉस्पिटलला, अगदी छोट्या दवाखान्यांनासुद्धा दंड लावायला लागले. पहिलंच प्रकरण एका आईचं होतं, तिला तिच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचं रेकॉर्ड हवं होतं, ते मिळायला नऊ महिन्यांच्या वर गेले. हॉस्पिटलला ८५,००० डॉलर भरावे लागले.

एक खाचखळगा मात्र आहे. २०२० मध्ये तिथल्या कोर्टाने ठरवलं की तुम्ही "थेट माझ्या वकिलाला पाठवा" असं सांगितलंत तर ही फीची मर्यादा लागू नाही. तेव्हा तिकडे असाल तर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावर मागवा आणि मग हवं त्याला द्या.

मधुमालती_

बिल थकलं तर रेकॉर्ड अडवता येत नाही हे वाचून बरं वाटलं, पण ज्यांना खरंच गरज असते ते हे सगळं वाचून हॉस्पिटलमध्ये जात नाहीत हो, काउंटरवरचा जे सांगेल ते खरं मानतात. तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं पाहिजे.

डॉ_मितभाषी

डॉक्टर म्हणून लिहितो, जरा लांबेल. आमच्यातल्या बऱ्याच जणांना फाईल द्यायची भीती वाटते आणि ती पैशांची नसते. फाईल मागितली म्हणजे हा केस करणार, असं डोक्यात बसलंय. प्रत्यक्षात फाईल मागणारे बहुतेक लोक गाव बदललेले, दुसरं मत हवं असलेले, इन्शुरन्सवाल्यांनी कागद मागितलेले असतात. आणि ज्याला केस करायचीच आहे तो कोर्टाकडून मागवतोच, म्हणजे आपण अडवून फक्त संशय वाढवतो.

दुसरी भीती अशी की पेशंटला कळणार नाही आणि तो उगाच घाबरेल. यावर खरोखरचा प्रयोग झालेला आहे. २०१० मध्ये अमेरिकेत ३ ठिकाणच्या १०० हून जास्त डॉक्टरांनी आपल्या सुमारे २०,००० पेशंटना स्वतः लिहिलेल्या नोंदी ऑनलाईन वाचायला दिल्या, ओपननोट्स नावाने. वर्षभराने २०१२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा उत्तर देणाऱ्या पेशंटपैकी ९९ टक्के म्हणाले की हे चालू राहू दे, आणि एकाही डॉक्टरने बंद करा म्हटलं नाही. औषधं जास्त नीट घेतो असं बऱ्याच पेशंटनी सांगितलं. मला यात नवल वाटलं नाही, कारण ओपीडीत सांगितलेलं अर्धं तर माणूस जिना उतरेपर्यंत विसरतो, घरी शांतपणे वाचायला मिळालं तर प्रश्न तरी नेमके विचारतो.

काही अपवाद असावेत हे मान्य, मानसोपचारात थेरपिस्ट स्वतःसाठी वेगळ्या टिपणी ठेवतात त्या हिपातही वगळल्यात, आणि वाचून कुणाच्या जिवाला धोका होईल अशी खरी शक्यता असेल तर तेही. पण अपवाद तेवढेच. "अक्षर वाचता येणार नाही" हे कारण असूच शकत नाही, अक्षर आमचं आहे.

राईनकाठ

जर्मनीत राहते. इथे २०२३ मध्ये याच विषयावर मोठा निकाल आला तो सांगायलाच हवा. एका पेशंटला दातांच्या डॉक्टरने उपचारात चूक केली असा संशय होता, त्याने रेकॉर्डची कॉपी मागितली, डॉक्टर म्हणाला कॉपीचा खर्च दे, आणि जर्मन कायद्यात तशी तरतूद होतीच. प्रकरण चढत चढत युरोपियन युनियनच्या न्यायालयात गेलं. २६ ऑक्टोबर २०२३ ला त्यांनी सांगितलं की जीडीपीआर म्हणजे युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे पहिली कॉपी फुकटच द्यायची, कशाला हवी हे विचारायचं नाही, डॉक्टरवर दावा लावायला हवी असली तरी नाही, आणि राष्ट्रीय कायदा डॉक्टरचा खर्च वाचवण्यासाठी हा हक्क कमी करू शकत नाही. समजून घेण्यासाठी गरज असेल तर मूळ कागदांची पूर्ण कॉपी द्यायची, नुसता गोषवारा नाही.

कारण विचारायचं नाही हा भाग मला सगळ्यात मोठा वाटतो. काउंटरवर "कशाला पाहिजे?" असं विचारतात ना, तिथेच निम्मी माणसं गळतात.

ब्रिटनमध्ये पण आधी कागदी रेकॉर्डला ५० पौंडांपर्यंत घ्यायचे, मे २०१८ पासून फुकट झालं. तिथले दवाखाने बंद पडले नाहीत.

हिशोबी

सगळं पटतंय पण एक बाजू राहतेय. फुकट म्हणजे कुणीतरी पैसे भरतोच. छोटा दवाखाना, डॉक्टर आणि एक मदतनीस, त्याच्याकडे रोज कुणी ना कुणी दहा वर्षांचं रेकॉर्ड मागायला लागला तर तो पेशंट कधी तपासणार? मोठ्या हॉस्पिटलचा नियम त्याला लावला तर तो नोंदी कमीच ठेवायला लागेल, आणि ते सगळ्यांनाच महागात पडेल. मला वाटतं पहिली कॉपी फुकट, पुढच्याला खर्चाइतके पैसे, हे बरोबर.

जुनीफाईल

हिशोबी दादा, तुमची काळजी रास्त आहे, पण रोज कुणी मागत नाही हो. माझ्या अनुभवात फाईलींच्या ढिगाच्या मानाने मागणारे अगदी थोडे. आणि डिस्चार्जच्या वेळीच कॉपी हातात दिली तर नंतर शोधायचा प्रश्नच येत नाही, तेव्हा फाईल टेबलावरच असते.

हिशोबी

डिस्चार्जच्या वेळीच द्यायचं हे पटलं. तसा नियमच असावा.

कायद्याचंबोला

भारतापुरतं लिहितो, कारण इथे बरेच जण इथलेच आहेत. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत, त्यात भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं आणि पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असं स्पष्ट आहे, न दिलं तर ते व्यावसायिक गैरवर्तन धरलं जातं. २०२३ मध्ये नवे नियम आले होते ज्यात ७२ तासांचे ५ कामाचे दिवस केले होते, पण ते त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणजे ७२ तासच धरा. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच सांगितलंय की गोपनीयतेचं कारण पुढे करून पेशंटला त्याचेच कागद नाकारता येणार नाहीत. गोपनीयता पेशंटसाठी असते, पेशंटविरुद्ध नाही.

आता कच्चे दुवे. या नियमांचा बडगा डॉक्टरवर आहे, हॉस्पिटल नावाच्या संस्थेवर थेट नाही. आणि फी किती घ्यावी यावर ते नियम गप्प आहेत, त्यामुळे रानजाई ताई म्हणतात ते आकडे फुटतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात कॉपी काढायचा खर्च पेशंटने द्यावा असं आहे, म्हणजे झेरॉक्सचा खर्च, शोधायचा-सहीचा नाही. ती सनद म्हणजे कायदा नव्हे, पण अर्जात तिचा उल्लेख जरूर करा, वजन पडतं. सरकारी हॉस्पिटल असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तिथे पानामागचा दर ठरलेला आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला म्हणून लोक खूश झाले होते, पण त्यात आपल्या माहितीचा सारांश मागायचा हक्क दिलाय, पूर्ण प्रत असा शब्द नाही, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नका.

आणि ३ वर्षांचं लक्षात ठेवा. ग्राहक आयोगात जायची मुदत साधारण २ वर्षं असते, तोपर्यंत फाईल असते, पण कॅन्सरसारख्या आजारात ८-१० वर्षांनी जुनं रेकॉर्ड लागतं तेव्हा ते नष्ट केलेलं असू शकतं. तेव्हा वेळेवर मागून ठेवा.

निळाई

कुणी स्कॅनबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते. सीटी किंवा एमआरआयची जी फिल्म हातात देतात त्यावर निवडक चित्रं असतात, मूळ तपासणीत शेकड्यांनी असतात. दुसऱ्या डॉक्टरला ती सगळी हवी असतात आणि ती डायकॉम नावाच्या फॉरमॅटमध्ये मिळतात, सीडीवर किंवा लिंकवर. नुसते फोटो किंवा पीडीएफ दिलं तर त्यात मापं घेता येत नाहीत, उजळ-गडद करता येत नाही. त्यामुळे "डायकॉममध्ये द्या" हा शब्द वापराच. माझ्या बहिणीच्या वेळी फिल्मचे वेगळे आणि सीडीचे वेगळे पैसे मागितले होते, ती फाईल त्यांच्या मशीनमध्ये आधीच तयार असते, नुसती उतरवायची असते.

आणि बायॉप्सी झाली असेल तर रिपोर्टची कॉपी पुरत नाही, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला काचेच्या स्लाईड्स बघाव्या लागतात, कधी मेणातला ब्लॉकसुद्धा, म्हणजे काढलेला तुकडा मेणात बसवून जपलेला असतो तो. ब्लॉक एकच असतो, तो हरवला तर परत मिळत नाही, म्हणून शक्यतो त्यातून नवीन स्लाईड्स कापून मागा, आणि ब्लॉकच न्यावा लागला तर पोच घेऊन न्या आणि नंतर परत नेऊन द्या.

एकटाजीव

माझा प्रश्न वेगळा आहे. पेशंट गेला असेल तर? माझा भाऊ गेला, त्याला नक्की काय झालं हे आम्हाला कळलेलं नाही, आणि हॉस्पिटल म्हणतं की त्याची माहिती तुम्हाला देता येत नाही. भांडायचं नाहीये मला. फक्त त्या शेवटच्या रात्री काय झालं ते कळलं पाहिजे.

कायद्याचंबोला

एकटाजीव, वाईट वाटलं वाचून. माणूस गेला म्हणून हक्क संपत नाही, तो त्याच्या वारसांकडे किंवा मालमत्ता बघणाऱ्या कायदेशीर प्रतिनिधीकडे येतो. ब्रिटनमध्ये तर यासाठी १९९० पासून वेगळा कायदाच आहे, अमेरिकेतही कायदेशीर प्रतिनिधीला मिळतं. तुम्ही भावाचा मृत्यूचा दाखला, तुमचं नातं दाखवणारा कागद, आणि वहिनी किंवा आई-वडील असतील तर त्यांची लेखी संमती जोडून अर्ज करा. ज्याचा वारसाहक्क पहिला त्याच्या सहीने केलात तर सगळ्यात सोपं.

डॉ_मितभाषी

एकटाजीव, शेवटच्या रात्रीचं कळायला तुम्हाला नर्सेसच्या नोंदी, ड्रग चार्ट आणि हृदय बंद पडल्यावर जे प्रयत्न केले त्याची वेळेसकट नोंद लागेल. हे नाव घेऊन मागा. आणि कागद मिळाले की त्या डॉक्टरांची भेट मागा, शांतपणे समोर बसून समजावून सांगणं हे आमचं कर्तव्य आहे. त्यांनी नाही सांगितलं तर मला इथे निरोप टाका, मी वाचून समजावेन.

एकटाजीव

आभारी आहे डॉक्टर. आईच्या सहीने करतो.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. जुनीफाईल दादा आणि कायद्याचंबोला यांच्या प्रतिसादांवरून मी अर्जाचा मसुदा केलाय, ज्याला हवा त्याने घ्या, देश बदलला तर कायद्याचं नाव बदला:

"माझ्या अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या उपचारांच्या पूर्ण नोंदींची प्रत मिळावी. यात रोजच्या वैद्यकीय नोंदी, नर्सिंग नोंदी, औषधांचा चार्ट, ऑपरेशन व भूल यांच्या नोंदी, संमतीपत्रं, इम्प्लांटचे स्टिकर, सर्व तपासण्यांचे अहवाल आणि स्कॅनच्या डायकॉम प्रती यांचा समावेश असावा. नोंदी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्याच स्वरूपात द्याव्यात. काही शुल्क असल्यास ते कशाचे किती याचा तपशील आधी लेखी द्यावा. एखादा भाग देता येत नसल्यास कोणत्या नियमाने नाही ते लेखी कळवावे. अर्जाची पोच द्यावी."

शुल्काचा तपशील लेखी मागायचं मुद्दाम घातलंय. आमच्या बाबतीत तो लेखी मागितल्यावर शोधायचे आणि सही-शिक्क्याचे पैसे आपोआप गळाले आणि नुसत्या झेरॉक्सचे उरले. फाईल मिळाली आहे, दुसऱ्या डॉक्टरांकडे दिली आहे.

मधुमालती_

रानजाई, "कोणत्या नियमाने नाही ते लेखी कळवावे" ही ओळ फार कामाची आहे. एक जोडते, अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारीख-शिक्का घेऊन या, मुदत तिथून मोजली जाते. पोच द्यायला काउंटरवर नाही म्हणाले तर तोच अर्ज हॉस्पिटलच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, नाहीतर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.